उभ्या भुलाबाईची पाठवणी

माझ्या काचेच्या कपाटाला आमच्या घरी ‘वसतिगृह’ म्हणतात. नाव नवऱ्यानं ठेवलं. आत सगळ्या भुलाबायाच आहेत, मातीच्या, शेजारी नवरा भुलोजी आणि मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या. राजापेठेत मी गणिताच्या शिकवण्या घेते. समोरच्या खोलीत पोरी त्रिकोणमिती सोडवतात आणि या बाया कपाटातून त्यांच्याकडे बघत असतात.

ज्यांच्याकडे भुलाबाई नसते त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला ती माहेरी येते. महिनाभर ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसते, संध्याकाळी गल्लीतल्या पोरी तिच्यापुढे गाणी म्हणतात, डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखतात. कोजागिरी झाली की तिला शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. काही घरी ठेवतातही, पण थोड्या. वस्तू दुर्मीळ झाली की लोकांनी ती जपली नाही, असं आपण म्हणतो. भुलाबाईचं उलट आहे. लोकांनी तिचं सगळं रीतीनं केलं म्हणून ती उरली नाही. माझ्या कपाटातल्या जुन्या भुलाबाया म्हणजे कोणाच्या तरी घरी शिरवायच्या राहून गेलेल्या.

हाच नाद अचलपूरला आणखी एकाला आहे. निवृत्त चित्रकला शिक्षक, मी त्यांना मास्तर म्हणते. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कमी मूर्ती आहेत, पण एक अशी आहे की तिच्यापुढे माझं अख्खं वसतिगृह फिकं पडतं. उभी भुलाबाई. कडेवर मूल, शेजारी भुलोजी नाही. कुंभार उभी घडवत नाहीत, कारण वाळताना घोट्यात तडकते. मास्तरांचीही दोन्ही घोट्यांत मोडलेली, कापसात टेकवून ठेवलेली आहे. तरी ते ती दाखवताना आवाज खाली आणतात. ज्याची जोड सापडते ते खेळणं आणि जोड सापडत नाही तो ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मी हसायचे, पण मनातून मला ते शंभर टक्के पटलेलं होतं. शंभर बसलेल्या द्या आणि एक उभी घ्या, असं कोणी म्हणालं असतं तर मी दुसऱ्यांदा विचार केला नसता.

परवाच्या भाद्रपदात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मोबाइलवर भुलाबाईच्या शुभेच्छा पाठवल्या. लग्न होऊन ती अकोल्याला गेली आहे. सोबत शेजारच्या घरातल्या मखराचा फोटो होता. मी कणीक मळत होते. पिठाच्या बोटानं फोटो मोठा केला आणि तशीच उभी राहिले. मखरात उभी भुलाबाई होती. निळीचं लुगडं, पिवळे काठ, डिंकात कालवलेले जुने रंग, बारीक भेगा पडलेले. आणि दोन्ही घोटे शाबूत.

त्या घरच्या बाईंचा नंबर मिळवायला मला तासभरही लागला नाही. जुन्या शहरात त्यांचं फुलांचं दुकान, मागं राहायचं घर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माहेर हिवरखेडचं, तिथं वडलांचा भाजीचा मळा होता. माही पोरगी एका जागी बसत नाई, तिची भुलाबाई उभीच कर, असं वडलांनी कुंभाराला सांगितलं आणि त्यानं कुरकुरत घडवली. वडलांनी ती कधी शिरवू दिली नाही. लग्नानंतर ती अकोल्याला सोबत आली. बाईंना मुलगी नाही. मुलानं लिफ्टचा फ्लॅट घेतलाय आणि गल्लीत गाणी म्हणायला आता पोरी येत नाहीत, हे सगळं त्या पहिल्याच फोनवर बोलल्या. मी भुलाबाई मागितली. तुमच्या घरी पोरी येतात का, एवढंच त्यांनी विचारलं. रोज वीस-पंचवीस येतात, मी म्हणाले. ते खरंच होतं. त्या गाणी न म्हणता साइन-कॉस म्हणतात, हे काही मी बोलले नाही.

किंमत विचारली तर त्यांनी मला झापलं. लेक कोणी इकते का, म्हणाल्या. फक्त कोजागिरी होऊ द्या, माहेरपणाच्या मधात लेक पाठवत नसतात, दुसऱ्या दिवशी सकाळी या.

तो महिना मला कसा गेला ते माझ्या पोरींना विचारा. उगाच वसवस केली त्यांच्यावर. रोज एक नवी भीती. बाईंचं मन बदललं तर? फ्लॅटची घाई झाली आणि भुलाबाई ठेवायची ट्रंक भंगारात गेली तर? आणि सगळ्यात मोठी, मास्तरांना कळलं तर? मास्तर जिभेवर खडीसाखर ठेवून बोलतात. त्यांनी मधात एकदा फोन करून नवीन काही मिळालं का विचारलं, तर काही नाही हो, म्हणून मी फोन ठेवला. नवरा म्हणाला, एवढं तर आपल्या लग्नाच्या वेळी तू घाबरली नव्हतीस.

शेवटी दम धरवेना. दुसऱ्या दिवशी बोलावलं असताना मी कोजागिरीच्याच सकाळी एसटी पकडली. मांडीवर मिक्सरचा रिकामा खोका, त्यात फोम. मूर्तिजापूर गेलं तरी मी खोका खाली ठेवला नव्हता. आज नुसतं पाहीन, उद्या नेईन, असं स्वतःला समजावत होते.

दुकानात कोणी नव्हतं. मागच्या खोलीच्या दारात गेले. बाई जमिनीवर पेपर अंथरून बसल्या होत्या. समोर भुलाबाई. बाजूला ऑइलपेंटचा छोटा डबा, पोपटी रंगाचा, झाकण नुकतंच उचकटलेलं. आणि हातात कोरा ब्रश.

मी “थांबा” म्हणाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज लागला. बाई दचकल्या. त्यांनी ब्रश पेपरवर ठेवला आणि मी कोण ते ओळखून आधी पाणी दिलं.

मग मी बोलायला लागले आणि फळ्यापुढे बोलते तशी बोलत सुटले. हे निळीचे रंग आता कोणी करत नाही. अशी अखंड उभी दुसरी कुठंच नाही. तिचं मोल तिच्या जुन्या रंगात आहे, एक हात फिरला की गेलं सगळं. डब्याच्या काठावरून ओघळलेला रंग चिंधीनं पुसत बाई ऐकत राहिल्या.

“तुमच्या लग्नात तुमच्या मायनं तुमाले जुन्या लुगड्यात पाठवलं होतं का?”

मी म्हणाले, अहो ते वेगळं, ही बाहुली आहे. म्हणाले आणि जीभ चावली.

“बाहुली असन तर मंग राहू द्या ना,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त भीतीचं होतं. “माह्यापाशी होती तवर जुन्यात चाललं. घरच्या घरी कोण पायते? आता ते सासरी चालली. नव्या लुगड्यात जाईन, नाईतर जाणार नाई.”

मी कापडाचं नेसवू म्हणाले. चांगलं रेशमी आणते, मी स्वतः शिवते. त्यांनी लहानपणीच ते करून पाहिलं होतं. कडेवरच्या बाळावरून कापड बसत नाही, पदर घसरतो आणि पोरगी मागून उघडी पडते. तो रस्ताही बंद झाला.

आता कोणीही सुज्ञ माणूस म्हणेल, मग ठेवून यायचं. रंग वाचला असता. जगातली एकुलती एक अखंड उभी भुलाबाई जशीच्या तशी राहिली असती, फक्त अकोल्यात, दुसऱ्याच्या ट्रंकेत. मी खरोखर जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी असते तर पाणी पिऊन उठले असते. इतकी वर्षं लोकांना मी हेच सांगत आले, की मला या मूर्ती वाचवायच्या आहेत. पण तिथं बसल्या बसल्या मला मास्तर दिसायला लागले. आज ना उद्या त्यांना कळणार. ते या खोलीत येणार, इथंच बसणार, बाईंना मावशी म्हणणार, आणि त्यांच्या गोड जिभेला जे जमेल ते माझ्या मास्तरणीच्या आवाजाला जमलेलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. ती दुसऱ्या कोणाची झालेली मला चालणार नव्हती, मग तिचं काहीही होवो.

“रंगवा,” मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, कंबरेत धरा जरा, घोट्यांवर भार नको. म्हणजे मलाच धरायला लावली. पहिला हात पदरावर फिरला. निळा रंग पोपटी रंगाखाली गेला तो गेलाच. मग निऱ्या, मग काठ. ऑइलपेंट जाड बसतो, निऱ्यांच्या घड्या त्यात बुजून गेल्या. मला रडू फुटलं. लपवायला हात मोकळे नव्हते. बाईंनी पाहिलं, ब्रश डाव्या हातात घेतला आणि उजवा हात माझ्या पाठीवरून फिरवला.

“रडू नका, इहीनबाई,” त्या म्हणाल्या. “रडाचं तर मले हाय.”

मला विहीण म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रंग वाळेपर्यंत नेता येणार नव्हतं, म्हणून मुक्काम पडला. सकाळी त्यांनी तिची ओटी भरली. बाहुलीचा पदर तो केवढा, म्हणून तांदूळ आणि नारळ माझ्या पदरात घातले. खोक्यात ठेवण्याआधी तिच्या तोंडावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि दुकानात जाऊन गजरे ओवायला बसल्या. मी निघाले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

घरी आणून कपाटात ठेवली. सगळ्या धुरकट बायांच्या मधात ही पोपटी, चकचकीत, बाजारातून कालच आणल्यासारखी. पोरींना मात्र सगळ्यांत आधी तीच दिसली. इतकी वर्षं एकीनंही कपाटाकडे मान वळवली नव्हती. एकीनं विचारलं, मॅडम, ही नवीन आली का? मी तिला गणित सोडवायला सांगितलं. येता-जाता मला ती पोपटी दिसायची आणि हे कोणापाशी बोलायची सोय नव्हती.

न राहवून मीच मास्तरांना फोन करून सगळं सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी अचलपूरहून आले. कपाटापुढे उभे राहिले. आधी त्यांचा चेहरा पडला, मग हळूहळू उजळला. आता खऱ्या रंगातली त्यांचीच एक राहिली होती, मोडकी का होईना. त्यांनी चहा दोनदा मागितला. मला वाटलं, आनंद साजरा करून राहिले. पण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले आणि पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली, कापूस आणि जुना टॉवेल काढला.

त्यांनी घरी एका फुटक्या मूर्तीच्या तुकड्यावर ऑइलपेंट लावून करून पाहिलं होतं. डिंकाचा रंग टर्पेंटाइनला दाद देत नाही, वरचा ऑइलपेंट तेवढा सुटतो. पण अजून कच्चा आहे तोवरच. दगडासारखा झाला की मग कोणाच्या बापाला निघायचा नाही. आत्ता, नाहीतर कधीच नाही. माणूस स्वतःच्या वस्तूचं एकटेपण घालवायला बाटली घेऊन आला होता. इतके दिवस मी त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं ते आठवलं. मी कपाट उघडून दिलं.

मास्तरांनी तिला टॉवेलवर पालथी घातली. कापूस भिजवून पाठीवर, पदराच्या कडेला घासला. दोनदा, तीनदा. कापूस हिरवा झाला आणि नखाएवढी निळी जागा उघडी पडली. तोच निळा. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. जे हवं होतं ते सगळं परत मिळत होतं, घोट्यांसकट, रंगासकट, आणि माझ्याच घरात. मास्तरांनी दुसरा बोळा भिजवला आणि ओलाव्यावर फुंकर घालत पदर खालपर्यंत उतरवायला घेतला. त्या बाईंनी माझ्या हातात धरायला देऊन नेसवलेलं लुगडं, टॉवेलवर पालथी पडलेली त्यांची लेक, वर वाकलेला परका पुरुष. आणि सासरची म्हणून मी शेजारी उभी, तेही बघायला.

“राहू द्या, मास्तर.”

त्यांना वाटलं मी घाबरले. बोळा तसाच धरून म्हणाले, “अहो, निघून राहिला ना. पाहा, किती साफ निघून राहिला.”

“दिसलं मला. राहू द्या.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावले होते, आणि रागवायला त्यांना जागा होती.

“मंग आणली कशाले एवढ्या दूरून?”

मी तिला टॉवेलवरून उचलली, सरळ केली, पाठीवरची ओल पदरानं टिपली.

“नांदायला,” मी म्हणाले.