लिथियमची पाठराखीण

बसथांब्यावर उभी असताना माझा फोन अचानक बंद पडला. बॅटरी तर निम्मी शिल्लक होती. माझ्या बहिणीच्या मुलीने, मुक्ताने, तो आपल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरला. म्हणाली, "थंडी वाजली त्याला, मावशी."

या परक्या, बर्फाळ गावात मुक्ता बॅटऱ्यांवर संशोधन करायला आली आहे आणि तिचं बिऱ्हाड लावून द्यायला मी सोबत आले आहे. पण बॅटरीला थंडी वाजते म्हणजे नेमकं काय होतं? ती म्हणाली, आतला लिथियम एकटा प्रवास करत नाही. भोवतालच्या द्रवाचे रेणू त्याला घेरून पलीकडच्या टोकाला नेतात. तिथे दाराशी त्यांनी त्याला सोडायचं असतं, पण कडाक्याच्या थंडीत त्यांची मिठी सुटता सुटत नाही.

"म्हणून त्या द्रवाच्या जागी आम्ही काही ईथर वापरून बघतोय. त्यांची पकड सैल असते."

ईथर म्हटलं की मला आजवर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला गोडसर वास आठवायचा. आता आठवली ती नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण. नवरीला घर जरा ओळखीचं झालं, की ती मुकाट्याने आपली पिशवी भरते. किती धरावं आणि कधी सोडावं, हे एका द्रवाच्या अंगी कुठून येत असेल?

ऊब लागून फोन सुरू झाला. तो बंद पडला तेव्हा मी मुक्ताला न सांगता माझं परतीचं तिकीट पुढे ढकलत होते. आता ते परवाचंच राहू दिलं.

"कुणाला फोन करायचा होता?" तिने विचारलं.

"कुणाला नाही," मी म्हटलं. "परवा मला विमानतळावर सोडायला येऊ नकोस. तुझं काम बुडेल."