गाडी पूर्ण थांबली का?

गेल्या मंगळवारी बाबांना अलिबागच्या हॉस्पिटलमधून गावी आणलं. बाबा पहाटेच गेले होते. नव्वदी कधीच ओलांडली होती, त्यामुळे अचानक म्हणता येणार नाही... तरी मी सुन्न होते.

अँब्युलन्समध्ये मागे मी एकटीच होते, भाऊ पुढे ड्रायव्हरजवळ. म्हसळ्याच्या अलीकडचा घाट उतरायला लागलो तेव्हा पाऊस सुरू झाला. प्रत्येक वळणाला स्ट्रेचर पुढे सरकत होतं आणि मी ते पायाने अडवून धरत होते.

घाटाची भीती आमच्या घरात जुनी आहे. ती आली ती रेल्वेतून.

माझे आजोबा एकोणीसशे तीसच्या आसपास रेल्वेच्या घाटात सांधेवाले होते. म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार ते दांडा ओढून ठरवणारे. त्यांच्याबरोबर ड्युटीला असायचे म्हसळ्याचे दाऊदचाचा. निवृत्त झाल्यावर दोघं रोज दुपारी आमच्या ओटीवर बसायचे, आणि ही एक गोष्ट मी दोघांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की...

घाटात मधेच एक फाटा होता. मुख्य रूळ खाली उतरायचा आणि हा फाटा उलटा डोंगरावर चढून वाळूत संपायचा. सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला असे. वरून येणाऱ्या गाडीने तिथे पूर्ण थांबायचं, शिट्टी द्यायची, मगच सांधेवाल्याने तिला खालची वाट द्यायची. ब्रेक लागत नसतील तर गाडी आपोआप फाट्यावर चढून अडकणार, दरीकडे जाणार नाही.

नियम एवढा साधा. पण ड्रायव्हर रोजचे, ओळखीचे. गाडी थांबतच आली आहे असं दिसलं की बरेच सांधेवाले आधीच दांडा ओढून द्यायचे. जड गाडी थांबवून परत काढायची म्हणजे कटकट, म्हणून एकमेकांना तेवढी सवलत.

शिमग्याच्या आधीची ती सकाळ होती. आजी पाच वर्षांच्या बाबांना घेऊन वरच्या रेल्वेच्या खोल्यांतून निघाली होती. घाट उतरून मुंबई, तिथून लाँचने गाव. ती कुठल्या गाडीत आहे हे आजोबांना माहीत होतं.

धुक्यातून गाडी आली. हळू झाली, अगदी माणूस चालतो तेवढी. ड्रायव्हरने ओळखीचा हात केला आणि आजोबांनी दांड्याला हात घातला.

दाऊदचाचांनी विचारलं, "थांबली काय?"

"थांबत्येय."

"थांबत्येय म्हंजे थांबली न्हाय." असं म्हणून चाचांनी आपला हात आजोबांच्या हातावर दाबून ठेवला.

आणि गाडी थांबलीच नाही. सरकत राहिली... मग परत वेग घ्यायला लागली. ड्रायव्हरची शिट्टी सुरू झाली ती बंदच होईना.

समोरून डबे जात होते. एका खिडकीत बाबा. वडील दिसले म्हणून ते खुशीत हात हलवत होते. आजोबा म्हणायचे, "त्याला काय ठावं... मला मात्र कळत हुतं."

गाडी फाट्यावर चढली, धडधडत वर गेली आणि वाळूत रुतली. माणसं सीटवरून पडली, कुणाचं डोकं फुटलं, बाबांचे पुढचे दात पडले. पण सगळे जिवंत होते. खालच्या उतारावर पूल होते आणि त्यांच्याखाली दरी.

आजी डब्यातून उतरली ती कडाडली, "घरची माणसं गाडीत, आन् डोंगरावर घातलीत व्हय?"

दाऊदचाचा म्हणाले, "वैनी, आज डोंगरावरच बरं हाय."

ओटीवर इथपर्यंत आले की चाचा हसायचे. आजोबा नाही हसायचे. उजव्या हाताची बोटं चोळत बसायचे.

बाबा पुढे शाळामास्तर झाले, रेल्वेत गेले नाहीत. पण कुठल्याही घाटात, उतार लागायच्या आधी, एकदा गाडी पूर्ण थांबवायला लावायचे. एसटीतसुद्धा. एकदा कंडक्टर म्हणाला होता, "काका, एवढी भीती वाटते तर उतरा की, चालत या." अख्खी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले होते.

मंगळवारी घाटात हे सगळं आठवलं. गाडी वेगात उतरत होती, समोरून ट्रक येत होते आणि माझा पाय स्ट्रेचरला टेकवून टेकवून भरून आला होता... मी पुढची काच वाजवली.

"काय झालं मावशी?" ड्रायव्हर पोरगाच होता.

"जरा थांबवा."

"ब्रेक एकदम चांगले हायत, घाबरू नका."

"माहीत आहे. तरी थांबवा."

भावाने हातानेच कडेला घ्यायची खूण केली. त्याला कळलं होतं. गाडी कडेला लागली, टपावरच्या पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. स्ट्रेचर हलायचं थांबलं.

"पूर्ण थांबली का?" मी विचारलं.

"थांबली, मावशी."

"मग चला आता."

पुढे त्या मुलाने काही न विचारता सगळा घाट अगदी हळू उतरवला. त्याचं नावही विचारायचं राहिलं... त्याचे आभार.

खाली पोचेपर्यंत माझी भीती काही गेली नाही. पण बाबांच्या पायांवर हात ठेवून बसले होते, तेव्हा दाऊदचाचांचा तो हात सारखा आठवत होता. बाबांना त्यानंतर एवढं मोठं आयुष्य मिळालं, ते त्या हातामुळे.