सासूच्या गळ्यातली राणी

राणीला मी अर्ज केला तेव्हा ती मरून जमाना झाला होता. हे मला सांगितलं पटवाऱ्यानं, आणि तेही साऱ्या तांड्यासमोर. हसा खुशाल. चौथी शिकलेली सून म्हणून माझी ऐटच एवढी होती, की मला चार गोष्टी विचारायला शरम वाटायची.

आमचा तांडा केळापूर तहसिलीत, गावापासून कोसभर दूर. गावाला बांधलेली विहीर, आम्हाला नाल्याच्या वाळूत उकरलेला झिरा. माझ्या जावेचं पहिलं पोट त्याच नाल्याच्या चढावर, डोक्यावर घागर असताना पडलं. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहीना. तांड्याच्या नायकानं विहिरीसाठी तहसिलीत अर्ज दिला, पुन्हा दिला. दरवेळी पटवारी 'गावात विहीर आहे' असं लिहून मोकळा.

त्याच हिवाळ्यात विलायतेची राणी दिल्लीला आल्याचं बाजारात ऐकलं. आमच्यात घरचं भांडण मिटेना झालं की नायकाकडं जातं, आणि नायकाच्या शब्दापुढं शब्द नाही. मी म्हटलं, ही तर साऱ्या नायकांची नायक! शिवाय ओळखीची. सासूच्या हारातल्या चांदीच्या रुपयांवर तिचाच मुखडा होता. सासूला समोर बसवून, रुपया निरखत निरखत मी लिहिलं, 'आईसाहेब, तुम्ही आमच्या सासूच्या गळ्यात राहता. ती झिऱ्यावर वाकते तेव्हा तुम्हालाही आमचे हाल दिसत असतील.' वर पत्ता, राणीसाहेब, दिल्ली.

चैत्रात पटवारी आला. बाजेवर बसून त्यानं माझाच अर्ज काढला. त्यावर दिल्लीचा शिक्का, मुंबईचा, यवतमाळचा, तहसिलीचा. राणीनं वाचला की नाही देव जाणे. प्रत्येक साहेबानं 'चौकशी करावी' लिहून तो खालच्याकडं ढकलला होता, आणि सगळ्यांत खाली बसला होता हाच पटवारी.

"राणीची मैतरीण कोण हाय वं इथं?" त्यानं विचारलं. "नाण्यावरची बाई कवाच मेली. आलती ते तिची खापरपणती. अन् तिचं राज बी गेलं, तुले मालूम नाही?"

बाया खिदळल्या. सगळ्यांत मोठ्यानं सासू.

"गावात विहीर हाय का नाही, तेवढं सांग."

"हाय, पण कोसभर..."

"हाय ना? मंग झालं."

'तक्रारीत तथ्य नाही' लिहून त्यानं कागद पुढं केला. आणि या शहाणीनं काय करावं? खाली सही ठोकली. चांगली वळणदार, शेवटी शेपटी काढून. अंगठेवाल्यांत आपल्याला सही येते, ही केवढी मिजास!

तो गेला. सातवा महिना लागलेल्या जावेनं चुंबळ डोक्यावर ठेवली, रिकामी घागर कमरेवर घेतली. मी रडवेली होऊन विचारलं, "आता कोणाले लिहू?"

ती म्हणाली, "तुहा कागद दिल्लीहून उतरत आला बाई. उतरणं सोपं असते, घागर चढवा लागते. चाल, चढावर माहा हात धर."