नाथाजीच्या ताटलीला नवा कर्णा

लालासाहेब इटलीतल्या लढाईवरून परत आला तेव्हा त्याचे हातपाय धड होते, म्हणून पलूसजवळच्या त्याच्या गावात सगळ्यांनी त्याच्या बायकोला, बनुबाईला, नशीबवान म्हटलं. तोफखान्यात काढलेल्या वर्षांनी नवऱ्याच्या कानांची काय गत केली होती, ते तिला चुलीपुढून हाक मारताना कळलं. घसा फोडून हाका मारल्या तरी त्यानं मान वळवली नाही. उरलंसुरलं ऐकू येणंही हळूहळू जाणार, असं फौजेतल्या डाक्टरनं त्याला सांगूनच पाठवलं होतं.

घरात त्याची आई राहीबाई होती. थोरला भाऊ नाथाजी मात्र उरला नव्हता. लाला परमुलखात असतानाच विषमज्वरानं त्याला नेलं. नाथाजी भजनात गायचा. त्याच्या आवाजासाठी आसपासच्या गावचे लोक गाड्या जुंपून यायचे. युद्धाच्या आधी एका कंपनीच्या माणसानं त्याला मुंबईला नेलं आणि त्याच्या गाण्याची फोनूची, म्हणजे ग्रामोफोनची, एक ताटली भरून घेतली. एका बाजूला भजन, दुसऱ्या बाजूला गौळण. ती ऐकायला म्हणून नाथाजीनं सांगलीहून एक जुना, चावीचा फोनू आणला होता. त्याला पत्र्याचा इवलासा कर्णा होता.

नाथाजी गेल्यावर राहीबाई फक्त सणावाराला ताटली लावायला सांगायची. चावी बनुबाई भरायची. गाणं सुरू व्हायच्या आधी नाथाजीनं घेतलेला श्वासही ताटलीत उतरला होता. म्हातारी तेवढ्यासाठी पुढं सरकून बसायची. श्वास ऐकला की डोळे मिटायची.

लालानं आल्या आल्या ताटली लावायला लावली. कर्ण्यात जवळजवळ डोकं घालून तो ऐकत बसला.

"कायतरी हाय आत," शेवटी तो म्हणाला. "मुंग्या चालल्यागत. पर नाथा न्हाई."

दुसऱ्याच आठवड्यात सर्व्हिस मोटारीनं दोघं सांगलीला गेली. घड्याळं आणि फोनू दुरुस्त करणाऱ्या जैनुद्दीनच्या दुकानात लालानं पितळी कर्णा निवडला, चांगला परातीएवढ्या तोंडाचा. मग नवी स्प्रिंग, सुई धरणारी जड डबी, आणि मोठ्या आवाजाच्या जाड सुया.

जैनुद्दीननं सुयांची पुडी हातातच धरून ठेवली. "लालासाहेब, ताटली लाखेची असतीया. ह्या सुया तिला खात्यात. कवातरी लावा, रोज नका लावू."

"काय म्हणतोय?" लालानं बायकोला विचारलं.

"ताटली झिजंल म्हणत्यात!" बनुबाई त्याच्या कानात ओरडली. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

"मग मी ऐकू कवा?" लालाही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला कळत नसे. "कान पार गेल्यावर?"

जैनुद्दीननं सुया दिल्या.

घरी लालानं सोप्यात पोतं पसरलं आणि फोनू खोलला. जुनं वंगण रॉकेलनं धुतलं, स्प्रिंग बसवताना अंगठा कापून घेतला. पितळी कर्ण्याच्या वजनानं पेटी कलंडायला लागली, तेव्हा आंब्याच्या फळीचा रुंद पाट खाली ठोकला. फौजेतून आल्यापासून बनुबाईनं त्याला इतकं मन लावून काही करताना बघितलं नव्हतं. तिलाही आशा वाटली.

ताटली लावली आणि नाथाजी गल्लीभर गायला लागला. लाला ताडकन उठला.

"नाथा! अगं, नाथाच हाय!"

त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. राहीबाईनं मात्र कानांवर हात ठेवले. "एवढा कशाला वरडतोय माझा नाथा?" ती पुटपुटली. ते एकट्या बनुबाईनं ऐकलं.

मग रोजचंच झालं. सकाळी भजन, दिवेलागणीला गौळण. मध्येच कधी मनात आलं की पुन्हा. पावसाळा सरेपर्यंत वरची तान फाटल्यासारखी यायला लागली. श्वास तर खरखरीत बुडालाच.

"बने, त्याचा गळा बसलाय गं," राहीबाई एकदा म्हणाली. "पडसं झालंय का त्याला?"

बनुबाईनं लालाचा हात धरला. "आवं, आत्याबाईंसाठी तरी ऱ्हाऊ द्या थोडी."

त्याला ते ऐकू आलं, की ओठांवरून कळलं, कोण जाणे. "अजून एकदाच," तो म्हणाला.

इकडं त्यालाही आवाज बारीक वाटायला लागला होता. ताटली झिजली की कान गेले, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यानं दोष फोनूला दिला. सुईवर भार पडावा म्हणून डबीला शिशाचा तुकडा बांधला. थोडे दिवस आवाज वाढला. मग एका सकाळी सुई एकाच शब्दावर अडली आणि तोच शब्द कुटत राहिली. उलटून गौळणीची बाजू लावली, तर तेल कढल्यासारखं चरचरत राहिलं.

लालानं कर्ण्याला हात लावला. "वाजतंय की. हाताला लागतंय."

बनुबाईनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं आईकडं बघितलं. राहीबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

दुसरी ताटली मिळेल या आशेनं दोघं पुन्हा सांगलीला गेली, तिथून मिरजेला. मिरजेच्या दुकानदारानं नाव ऐकून हात झटकले. असली ताटली आता निघत नाही. युद्धात लाखेची टंचाई झाली, जुना माल सगळा वितळवायला गेला.

"वितळवल्या!" बनुबाईला भर बाजारात ओरडावं लागलं. "सगळ्या वितळवल्या, आवं!"

दोन पोरं हसली. लाला तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं पितळी कर्णा उतरवला. जुनी हलकी डबी आणि पत्र्याचा कर्णा पुन्हा बसवला, बारीक सुई लावली, आणि आईला हाताला धरून फोनूपुढं बसवलं. त्याला स्वतःला त्यातलं काहीच ऐकू येणार नव्हतं. तो तिच्या तोंडाकडं बघत बसला. राहीबाईनं थोडा वेळ ती चरचर ऐकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

दिवाळीपर्यंत लालाचे कान पार गेले. घरातली बोलणी हातवाऱ्यांवर आली.

राहीबाई जात्यावर बसली की कधीकधी ती गौळण म्हणायला बघे. दुसऱ्या कडव्यापर्यंत यायची आणि तिथं अडायची. तिथून पुन्हा पहिल्यापासून. पुढचे शब्द बनुबाईला येत नव्हते, कर्ण्याच्या दणदणाटात ते तिला कधी धड लागलेच नव्हते. लालाला येत होते, लहानपणी तो भावामागं तीच गौळण म्हणायचा. पण आई जात्यावर काय म्हणते आहे, हे त्याला हातवाऱ्यांनी कसं कळावं? तो सोप्यात बसून दोर वळत राहायचा, आणि जातं नुसतंच फिरत राहायचं.