दाखवायच्या नोटा

यंदा प्रदर्शनात टेबल मांडायचं नाही, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, जा ना, तेवढीच चार माणसं भेटतील." चार माणसं भेटतील! माणसं म्हणजे काय भाजी आहे, पिशवी घेऊन गेलं की मिळायला? पण दूधवाला सोडला तर दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. म्हणून गेलो.

सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये दर हिवाळ्यात जुन्या नाण्यांचं आणि नोटांचं प्रदर्शन भरतं. माझ्या टेबलावर फक्त नमुना नोटा असतात. पाटबंधारे खात्यात मी जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे असेल, पण हजार हातांतून मऊ झालेल्या नोटेपेक्षा मला ही कोरी, करकरीत रेघ आवडते. नवीन नोट चलनात येण्याआधी तिचे थोडे नमुने बँकांना आणि सरकारी खजिन्यांना पाठवत, रोखपालांना नोट ओळखता यावी म्हणून. नंबराच्या जागी सगळी शून्यं, अंगावर आडवं लाल अक्षरांत 'स्पेसिमेन', कधी सहीवर पाडलेलं भोक. काम झालं की नमुने परत घ्यायचे आणि नष्ट करायचे. कुणाच्या तरी खणात विसरून राहिले, तेवढेच बरेचदा वाचले. चलनाचा इतिहास शोधणाऱ्याला त्यांचं मोल फार, कारण नोट छापखान्यातून निघाली तशीच इथे दिसते. काही नोटा तर नमुन्याच्या पुढे गेल्याच नाहीत. त्या एकेकाळी चलनात आणायचं ठरलं होतं, याला पुरावा हाच कागद.

हे सगळं मी वळणदार अक्षरात कार्डांवर लिहून लावतो. कोणी वाचत नाही. लोक वाकून पाहतात आणि विचारतात, "काका, चूरनवाली नोट आहे का ही?" लहानपणी चूर्णाच्या पुडीत खोटी नोट निघायची, ती. असं विचारलं की माझं डोकं फिरतं. मग माझं तोंड पाहून माणूस मुकाट्यानं शेजारच्या टेबलाकडे सरकतो.

मागच्या हिवाळ्यापर्यंत मात्र माझ्याकडे गर्दी असायची. ती बायकोमुळे. ती नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. प्रदर्शनाला पिशवीभर संत्री आणायची आणि येईल त्याला सोलून द्यायची. नोटांशेजारी संत्र्याचे ओले हात! माझा जीव खालीवर व्हायचा. आणि वर ती इतिहास सांगायची, तो असा:

"नवी नोट बाजारात सोडाच्या आधी खजिन्यातल्या लोकाइले ही दाखवत. पोरगी दाखवतेत ना, तशीच. पाहून घ्या, नाक-डोये वळखून ठेवा. बाकीच्या बहिणी गेल्या संसाराले, ही दाखवाचीच राहून गेली बिचारी."

लोक खो खो हसत. बायका तर तिथेच बसकण मारत. पुढे ती काय सांगायची, मला ठाऊक नाही, कारण 'पोरगी दाखवतेत'पर्यंत गाडी आली की मी चहा प्यायला बाहेर पायऱ्यांवर जायचो. इतक्या नेटक्या विषयाची अशी वरात मला पाहवत नसे.

उन्हाळ्यात ती गेली. यंदा टेबल अगदी स्वच्छ होतं, हवं तसं. दुपारपर्यंत एकही माणूस धड थांबला नाही. उठून घरी जावंसं वाटलं, पण घरी तरी कोण होतं?

तेवढ्यात एक तरुण बाई आली. बरोबर तिच्या सासूबाई होत्या.

"काका, काकू नाही आल्या काहून?"

मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मागच्या साली त्यांचं ऐकलं होतं, म्हणून सासूबाईले मुद्दाम घेऊन आली. आता तुम्हीच सांगा न."

मी घसा साफ करून कार्डावरचंच सांगायला लागलो. सासूबाई पंख्याकडे पाहू लागल्या. शेवटी मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "पोरगी दाखवतेत ना, तशीच." त्या हसल्या. मग मी तसंच रेटलं, संसाराला गेलेल्या बहिणींपर्यंत. तिचे शब्द माझ्या तोंडात उसने वाटत होते, पण ऐकणाऱ्या दोघी ऐकत होत्या. मी थांबलो.

"आन् पुढचं?" तरुण बाईनं विचारलं.

"पुढचं काय?"

"अहो, तुमचंच तर होतं! काकू सांगत, तुमच्या आधी कितीक जण पाहून गेले होते त्यांना. चालून दाखव, केस दाखव. एकानं तर खिडकीपाशी उजेडात उभं केलं, नोट धरतेत तसं. मंग तुम्ही आले. तुम्ही मान वरच केली नाही म्हणे, पोह्याच्या बशीतच पाहून राहिले होते. काकू म्हणत, हा एकटा माणूस मले पारखाले आला नव्हता, म्हणून मी हो म्हटलं." माझं तोंड पाहून तिनं विचारलं, "तुम्हाले माहीत नव्हतं का, काका?"

"होतं ना," मी म्हटलं. साफ खोटं.

त्या गेल्यावर मी सरळच असलेली कार्डं पुन्हा सरळ केली. एवढ्या संसारात तिनं हे मला कधीच सांगितलं नाही. अनोळखी लोकांना सांगत होती आणि मी बाहेर पायऱ्यांवर चहा फुंकत होतो. मला तिचा राग आला, आणि तो सांगायलाही ती नव्हती.

आणि मी तिला पाहिलंच नाही, हे खरंही नव्हतं. पोहे यायच्या आधी मी त्यांच्या घराच्या मागच्या दारातून तिला पाहिलं होतं. ती विहिरीवर हात-पाय धूत होती, पदर खोचलेला, कोणावर तरी ओरडत होती. मी तिला चांगलं मन भरेस्तोवर पाहिलं आणि माझं तिथेच ठरलं. चोरून पाहिलं म्हणूनच तर नंतर मान वर करवेना. हे तिला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती, आणि पुढच्या हिवाळ्यात तेही सगळ्यांना सांगत सुटली असती.