नीट आठवा, पावणं

शाहूपुरीतल्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तो बसतो. तोंडाकडं बघत नाही. आधी बिल मागतो, नाडी बघावी तसा तारखेवर अंगठा दाबून धरतो आणि विचारतो, "कवा बिघडलं?"

आम्हा कोल्हापूरकरांच्या घरात नवी वस्तू पाडव्यालाच येते. बिल मात्र आठवडाभर आधी, बुकिंगला झालेलं असतं. आम्ही वॉरंटीचं वर्ष पाडव्यापासून धरतो, कंपनी बिलापासून.

त्या दिवशी माझ्या पुढं नेसरीचे एक आजोबा होते. मुदत संपून दोन दिवस झालेले.

"काल बिघडलं की," ते म्हणाले.

त्यानं पेन वरच धरलं. "नीट आठवा, पावणं."

"कालच. खोटं कशाला बोलू?"

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर तेच आलं. "मग वॉरंटीत न्हाय बसत," म्हणत त्यानं बिल परत दिलं.

माझीही मुदत तीन दिवसांपूर्वी संपलेली. फ्रिज कालपासून बंद आणि आईचं इन्शुलिन शेजाऱ्यांकडं ठेवलेलं.

"कवा बिघडला?"

"काल."

"नीट आठवा." पेन पुन्हा हवेत. तेव्हा कुठं त्याच्या मागची पाटी मला दिसली: मुदतीत बिघाड झाल्यास आठवडाभरात तक्रार नोंदवावी.

"चार... चार दिवस झाले."

त्यानं भराभर लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. पण बघितलं माझ्याकडं नाही. दारात आजोबा अजून बिलाची घडी घालत उभे होते.