तीनशे लिटर आणि शकूमावशी

माझी शकूमावशी गेली तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तिची काहीही चूक नाही.

मुळात मी फार बोलणारा माणूस नाही. त्या प्रवासातही मोजकंच बोललो. (त्यातलं बरंचसं खोटं होतं. तेच आज सांगायचंय.)

माझा द्राक्षांच्या क्रेटचा धंदा. माल पोचवायला विजेवरचा पिकअप घेतला आणि डोक्यात वारं शिरलं. अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून पिकअपमागे ओढायची चाकांवरची खोलीच करून घेतली. दोन पलंग, ओटा, मोरी, आणि मोरीत चक्क शॉवर! कन्याकुमारीला जायचं ठरलं होतं. पहिली फेरी मात्र नाशिक ते सटाणा. थोरल्या ताईच्या मुलीचं, स्नेहाचं लग्न. मी तिचा एकुलता एक मामा. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी उभं राहायचं ते मीच.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोने, सुनंदाने, बजावलं, "अहो, त्या टाकीत पाणी भरू नका हं. उगाच ओझं. ताईंकडे पाणी आहे."

"नाही भरत," मी म्हणालो.

आणि भरलं. काठोकाठ. तीनशे लिटर. मला व्याह्यांना शॉवर दाखवायचा होता!

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी निघालो. पुढे आम्ही तिघं : मी, सुनंदा आणि मध्ये शकूमावशी. मागे खोलीत मामाकडचं रुखवत : तांब्याचं घंगाळ, स्टीलचे डबे, पाटा-वरवंटा. पिकअप एका चार्जिंगमध्ये सव्वाशे किलोमीटर जातो. सटाणा नव्वद. हिशेब चोख होता. फक्त तो मागे खोली नसतानाचा होता! ओझर येईस्तोवर बॅटरी अशी उतरली, की मी समोरच्या काचेऐवजी टक्क्यांकडेच बघून गाडी चालवायला लागलो.

पिंपळगावला एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. पण पिकअप लावायचा तर मागची खोली सोडवायची, आणि सोडवलेली खोली राहणार बरोब्बर फाटकात. पाच मिनिटांत कांद्याचे चार टेम्पो मागे उभे. एक ड्रायव्हर खाली उतरला. "ओ शेठ, घर बांधायला दुसरी जागा नाय मिळाली का?"

सुनंदाचा चेहरा उतरला. "माझ्यामुळेच झालं हे. भांडी फार घेतली मी."

इथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल."

(पाणी सोडून द्यायचं मनात आलं होतं. पण त्याची तोटी खोलीच्या खाली. उघडली असती तर टेम्पोवाल्यांच्या पायांतून ओहोळ गेला असता, आणि सुनंदाला डोळे आहेत.)

शेवटी चार्जिंगचा नाद सोडला आणि ओळखीच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर रुखवत उतरवलं. घंगाळ ठेवताना सुनंदाने त्यावरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघितलं.

चांदवडच्या चढावर पुन्हा तेच. बॅटरी अठरा टक्के. मी आपलं सहज म्हणालो, "वजन अजून कमी करायला हवं."

"माझ्याकडे बघून म्हणालास?" शकूमावशी.

"नाही गं, आरशात बघत होतो."

"आरसा त्या बाजूला आहे, दिलीप."

चांदवडच्या स्टँडपाशी मावशीने पिशवी उचलली. "सटाण्याची एसटी कुठून सुटते तेवढं सांग. तुझ्या गाडीला मी जड होते."

"अगं मावशी, तसं नाही..."

"मग कसं?"

कसं ते सांगता आलं असतं. टाकीत तिच्यासारख्या चार मावश्या मावतील एवढं पाणी होतं! मी तिची पिशवी एसटीत चढवून दिली. खिडकीतून तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मावशी उतरल्याने गाडीला काडीचा फरक पडला नाही. देवळ्याच्या अलीकडे पिकअप मुंगीच्या चालीने एका कांदाचाळीपाशी पोचला आणि थांबला. शेतकरी सज्जन. घरातल्या साध्या प्लगवर रात्रभर चार्जिंगला लावू दिलं. फक्त खोलीला कान लावून आतल्या पाण्याचा आवाज ऐकला आणि अहिराणीत म्हणाला, "दादा, मझार काय शे? पाणीना आवाज ई ऱ्हायना."

"काय म्हणतात ते?" सुनंदाने विचारलं.

"खोली छान आहे म्हणतात."

सकाळी आठला सटाण्यात पोचलो. मुहूर्त बाराचा. मंडपाच्या दारातच ताई. "आलास बाबा! इकडे बोंब झालीय. पाण्याचा टँकर आलाच नाही. दोनशे माणसं बिनआंघोळीची बसलीत. चार पिंपं मागवलीत, ती आचाऱ्याने घेतली. तुझ्या त्या खोलीत पाणी आहे का रे?"

सुनंदा शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "ओझं नको म्हणून भरलंच नाही."

ज्या व्याह्यांसाठी शॉवर, ते धोतर सावरत तोंड धुवायला बिसलरी शोधत होते. सुनंदा साडी बदलायला खोलीत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा केस ओले.

"हे काय?"

"घाम हो. पत्र्याची खोली, उकडतं किती!"

मी विश्वास ठेवला. अपराधी माणूस फार प्रश्न विचारत नाही.

मुहूर्तावर मी स्नेहाच्या पाठीशी उभा राहिलो. दीड दिवसाचा घाम, चाकाचं ग्रीस आणि वर फेटा. मंगलाष्टकं चालली असताना पोरगी हळूच म्हणाली, "मामा, थोडं मागे सरक ना."

येताना पाणी ओढ्यात सोडावं म्हणून तोटी उघडली, तर तांब्याभर निघालं. टाकी गळतेय असं समजून मी फॅब्रिकेटरला फोन करून झापलंसुद्धा. तो बिचारा 'सॉरी' म्हणाला.

परवा कळलं, शकूमावशी आमच्याकडे चार दिवस राहायला येतेय. सुनंदासाठी, माझ्यासाठी नाही. मला राहवेना. सुनंदा भाजी निवडत होती. समोर बसलो आणि सगळं सांगितलं : टाकी, घंगाळ, एसटी, टँकर.

तिने मेथीची जुडी सोडवली. "माहितीय."

"कधीपासून?"

"साडी बदलायला गेले आणि सवयीने नळ सोडला तेव्हापासून. आधी मी केली आंघोळ. मग मागच्या दाराने मावशीला बोलावलं. मग नवरीला, ताईंना, विहिणींना. सतरा बायकांच्या झाल्या."

"आणि मला कोणी बोललं नाही?"

"मावशी म्हणाली, तो स्वतःहून सांगेपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत सांगाल."

लग्नाचा मोठा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. काल तो नीट पाहिला. सगळ्या बायका कशा टवटवीत! आणि मध्यभागी, तीनशे लिटर पाण्याचा मालक, फेटा बांधलेला मी. शेजारी कोणीच उभं नाही.